सर्पदंश : रोग्याची स्थिरता आणि इतरांची त्वरा

छत्तीसगढच्या सपाट प्रदेशात, रायपूरच्या पश्चिमेस आणि शिवनाथ नदीच्या खोऱ्यात भिलाई हे नगर वसलेले आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार येथे पोलादाचा कारखाना उभारण्यात आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर आखीव रस्त्यांची, सेक्टरांत विभागलेली वसाहत आली, शाळा आल्या, इस्पितळे आली. देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत विदर्भातून आलेल्या मराठी कुटुंबांचाही समावेश होता. परंतु या नगराच्या सीमेपलीकडे काही मैलांवरच भाताची खाचरे सुरू होतात. मातीच्या भिंतींची घरे, अंगणातील पेंढ्याचे ढीग, धान्याच्या कणग्या आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे उंदीर हे तेथील नित्याचे दृश्य होय. जेथे उंदीर तेथे साप हा निसर्गाचा नियम आहे. म्हणून पावसाळा सुरू झाला की या गावांत सर्पदंशाच्या घटनाही सुरू होतात.

भिलाईसारख्या स्थळाचा विचार या संदर्भात बोधप्रद ठरतो. येथे कृत्रिम श्वसनाची यंत्रे असलेली रुग्णालये आहेत आणि त्यांच्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर अशी गावेही आहेत की, जेथे साप चावलेल्या माणसास प्रथम बैगाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे नेले जाते. या दोन ठिकाणांमधील अंतर मैलांत मोजले तर थोडे आहे. परंतु रोग्याचे जगणे अथवा मरणे पुष्कळदा त्याच अंतरावर ठरते.

प्रश्न किती मोठा आहे

भारतात सर्पदंशाने दरवर्षी नेमकी किती माणसे मरण पावतात, हे दीर्घ काळ कोणासच ठाऊक नव्हते. रुग्णालयांच्या नोंदी हाच आकड्यांचा एकमेव आधार होता आणि बहुतेक रोगी तर रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हते. पुढे देशभर घरोघर चौकशी करून मृत्यूंच्या कारणांचे एक विस्तृत सर्वेक्षण करण्यात आले. त्यावर आधारलेला निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. २००५ या एका वर्षात सुमारे ४६,००० भारतीय सर्पदंशाने मृत्यू पावले असावेत, असा त्याचा निष्कर्ष होता. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत अशा मृत्यूंची संख्या सुमारे बारा लाख, म्हणजे सरासरीने वर्षाला अठ्ठावन्न हजार इतकी भरते. बहुसंख्य मृत्यू खेड्यांत होतात, पावसाळ्याच्या महिन्यांत होतात, आणि पहिल्या सर्वेक्षणात आढळले त्याप्रमाणे चारांपैकी तीन मृत्यू रुग्णालयाबाहेर होतात.

ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सर्पविषावर खात्रीचे औषध उपलब्ध आहे; परंतु मरणाऱ्यांपैकी बहुतेकांस ते मिळालेलेच नसते.

चार साप

भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आढळतात. त्यांपैकी बहुसंख्य बिनविषारी आहेत. माणसांचे बहुतेक मृत्यू चार जातींमुळे होतात: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. छत्तीसगढी बोलीत नागास डोमी आणि मण्यारीस करैत म्हणतात. यांखेरीज त्या प्रदेशात काळे-पिवळे रुंद पट्टे असलेली पट्टेरी मण्यार आढळते. तिला लोक अहिराज म्हणजे सर्पांचा राजा मानतात व सहसा मारीत नाहीत. ती अत्यंत विषारी असली तरी स्वभावाने इतकी संथ असते की, तिच्या दंशाच्या घटना फारच विरळ आहेत.

नाग आणि मण्यार यांचे विष प्रामुख्याने मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्यावर आघात करते. त्यामुळे प्रथम पापण्या जड होऊन मिटू लागतात, एका वस्तूच्या दोन दिसतात, बोलणे अडखळते, गिळणे कठीण होते, मान उचलून धरवत नाही आणि शेवटी श्वासोच्छ्वास करणारे स्नायूच दुबळे पडतात. नागाच्या दंशाच्या जागी बहुधा सूज व वेदना असतात. घोणस व फुरसे यांचे विष रक्तावर परिणाम करते. रक्ताचा गोठण्याचा गुण नाहीसा होतो, हिरड्यांतून व जुन्या जखमांतून रक्त झिरपू लागते, दंश झालेला हात वा पाय झपाट्याने सुजतो. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

या चौघांत मण्यारीची रीत निराळी आहे. ती निशाचर असून रात्री भक्ष्य शोधीत घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाचा स्पर्श होताच दंश करते. तिचे दात बारीक असतात. दंशाच्या जागी सूज येत नाही, वेदनाही फारशी होत नाही. डास किंवा मुंगी चावली असे समजून माणूस कूस बदलून पुन्हा झोपी जातो. पहाटे त्याला पोटात तीव्र कळा येतात, उलटी होते, घसा दुखतो. घरची माणसे अपचन समजून ओवा किंवा सोडा देतात. पापण्या मिटू लागतात तेव्हा ती झोपेची गुंगी वाटते. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसास पहाटे अकारण पोटदुखी सुरू झाली आणि डोळे उघडे ठेवणे कठीण जाऊ लागले, तर अंगावर दंशाची खूण दिसो वा न दिसो, मण्यारीचा संशय धरून त्यास तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे.

जुन्या उपायांची परीक्षा

सर्पदंश झाला की त्याच्या वरच्या बाजूस दोरी आवळावी, जखमेवर चीर देऊन रक्त काढावे, ते तोंडाने शोषावे आणि त्यावर पोटॅशियम परमँगनेटचे कण चोळावेत, असा उपदेश अनेक पिढ्यांनी ऐकला आहे. तो केवळ अडाण्यांचा उपदेश नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी सर जोसेफ फेअरर, सर लॉडर ब्रंटन व लिओनार्ड रॉजर्स यांच्यासारख्या नामवंत डॉक्टरांनी परमँगनेटचा पुरस्कार केला होता. परीक्षानळीत परमँगनेट सर्पविषाचा नाश करते, हे खरेच आहे. परंतु शरीरात विष ज्या ठिकाणी गेलेले असते तेथे हे कण पोहोचत नाहीत. ते फक्त मांस जाळतात. पुढील अनुभवाने हे सर्व उपाय निरुपयोगी, किंबहुना अपायकारक ठरले.

आवळपट्टीचा विचार विशेष करावयास हवा, कारण तिच्यावरील लोकांचा विश्वास आजही सर्वांत दृढ आहे. घट्ट दोरीने हाता-पायाचा रक्तपुरवठा बंद होतो. घोणशीच्या दंशाने आधीच सुजलेला अवयव त्यामुळे सडू लागतो व कधी कधी तो कापून टाकण्याची पाळी येते. शिवाय दोरी बांधल्यामुळे विष अडले, असा खोटा दिलासा वाटून माणसे रेंगाळतात. दोरी एकाएकी सोडली तर साचलेले विष एकदम शरीरात पसरून रोगी अचानक कोसळण्याचाही धोका असतो. म्हणून दोरी बांधू नये, हा पहिला नियम. आणि कोणी ती आधीच बांधली असेल तर ती घाईने न सोडता शक्य तितक्या लवकर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी, हा दुसरा. चीर देणे हेही तितकेच घातक आहे. ज्याच्या रक्ताची गोठण्याची शक्ती गेली आहे, त्याच्या अंगावर नवी जखम करणे म्हणजे रक्तस्रावास वाट करून देणेच होय. बर्फ लावणे, जखम डागणे, विजेचा झटका देणे किंवा झाडपाल्याचा रस पाजणे यांपैकी कशाचाही उपयोग सिद्ध झालेला नाही.

मग मांत्रिकाकडे नेलेली माणसे बरी होतात ती कशी? याचे उत्तर सापांच्या स्वभावात आहे. चावलेला साप बहुधा बिनविषारी असतो. विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. अशा दंशास कोरडा दंश म्हणतात. हे सर्व रोगी काहीही न करता बरे झाले असते, त्यांचे श्रेय मात्र मंत्रास मिळते. ज्याच्या अंगात खरोखर विष भिनलेले असते, तो मंत्राने वाचत नाही. आणि त्याच्या बाबतीत जे दोन तास मंत्रोपचारात गेले तेच त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे होते. बैगास गावात मान असतो. त्याचा अवमान करून हा प्रश्न सुटणार नाही. रोगी दारी येताच त्यास रुग्णालयाकडे पाठविणारा बैगा अनेक जीव वाचवू शकेल.

प्रथमोपचार

प्रथमोपचाराचे सार एका वाक्यात सांगता येते: रोग्याने स्थिर राहावे आणि इतरांनी त्वरा करावी. विष शरीरात पसरते ते मुख्यतः स्नायूंच्या हालचालीबरोबर. रोगी धावला, घाबरून हातपाय झाडू लागला, तर विषाच्या प्रसारास मदत होते. याउलट सोबतची माणसे स्तब्ध राहिली तर वेळ वाया जातो. प्रत्यक्षात पुष्कळदा याच्या उलट घडते. रोगी शेतातून धावत घरी येतो आणि घरातील मंडळी काय करावे याची चर्चा करीत बसतात.

दंश होताच रोग्यास सापापासून दूर न्यावे व खाली बसवावे किंवा निजवावे. त्यास धीर द्यावा. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी दंशावरही औषध आहे, ही दोन्ही विधाने सत्य असल्यामुळे हा धीर खोटा ठरत नाही. हातापायांतील अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, पैंजण, जोडवी त्वरित काढावीत. सूज चढल्यावर ती निघत नाहीत व मांसात रुततात. घट्ट कपडे सैल करावेत. दंश झालेला अवयव, हाड मोडल्यावर जसा बांधतात तसा, बांबूच्या कांबीला किंवा फळीला कापडाने सैलसर बांधावा. बांधणीचा हेतू हालचाल थांबविणे हा आहे, रक्त थांबविणे हा नव्हे. कापडाखालून एक बोट सहज जाईल इतकी ती सैल असावी. जखम चोळू नये, दाबू नये. मद्य, वेदनाशामक गोळ्या किंवा गावठी औषध देऊ नये. उलटी होत असल्यास अथवा शुद्ध हरपू लागल्यास रोग्यास डाव्या कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही.

त्यानंतर वाहन. रोग्यास चालवू नये, उचलून न्यावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ती येण्यास विलंब होईल असे दिसल्यास मिळेल ते वाहन घ्यावे. मोटारसायकलीखेरीज काहीच नसेल तर रोग्यास चालक व मागे धरून बसणारा माणूस यांच्यामध्ये बसवून न्यावे. हा उपाय किती परिणामकारक ठरू शकतो, हे नेपाळच्या तराईत दिसून आले. तेथील काही गावांत मोटारसायकलवाल्या स्वयंसेवकांचे पथक उभारून लोकांना शिक्षण देण्यात आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणे तेथील सर्पदंशाच्या रोग्यांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा दहाहून अधिक होते, ते शेकडा एकाच्याही खाली आले.

सापास मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये. त्या खटपटीत दुसऱ्यास दंश होतो. तोडलेले डोकेही काही काळ चावू शकते. दुरून छायाचित्र घेता आले तर घ्यावे, अन्यथा सापाचा नाद सोडून द्यावा. डॉक्टर लक्षणांवरून उपचार ठरवितात. त्यांना सांगावयाच्या गोष्टी वेगळ्या आहेत: दंश किती वाजता झाला, पहिले लक्षण कोणते व केव्हा दिसले, पापण्या केव्हा मिटू लागल्या, रक्त कोठून आले, कोणते उपचार आधी केले. रोग्याबरोबर जाणाऱ्याने या वेळा कागदावर टिपून ठेवाव्यात.

छत्तीसगढात २००२ सालापासून मितानिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आरोग्यसेविका गावोगाव काम करीत आल्या आहेत. आपल्या गावाजवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात प्रतिविष मिळते आणि रात्री कोणाचे वाहन मिळू शकते, या दोन प्रश्नांची उत्तरे पावसाळ्यापूर्वीच प्रत्येक गावाने तिच्यापाशी नोंदवून ठेवली, तर ऐन वेळची धावाधाव वाचेल.

रुग्णालयात काय घडते

सर्पविषावरील खरे औषध एकच, ते म्हणजे प्रतिविष. १८९० नंतरच्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी ते प्रथम वापरात आणले. घोड्यास अल्प प्रमाणात विष टोचत गेल्यास त्याच्या रक्तात विषास निष्प्रभ करणारी द्रव्ये निर्माण होतात; तीच शुद्ध करून औषध म्हणून वापरतात. भारतात कसौलीची केंद्रीय संशोधन संस्था आणि मुंबईची हाफकिन संस्था यांनी या कार्याचा पाया घातला. आज वापरले जाणारे भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषांवर चालते. त्यामुळे साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाही. ते शिरेतून देतात. आरंभीची मात्रा बहुधा आठ ते दहा कुप्यांची असते आणि ती मुलांस व मोठ्यांस सारखीच असते, कारण साप मुलाच्या अंगात कमी विष सोडीत नाही. या औषधाची काही रोग्यांस तीव्र प्रतिक्रिया येते. तिच्यावर अ‍ॅड्रिनलिन हे औषध तयार ठेवूनच ते द्यावे लागते. म्हणूनच प्रतिविष घरी टोचण्याचे औषध नव्हे.

रक्तविषाची परीक्षा अगदी साधी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलविता ठेवतात. नंतर ती तिरपी केली असता रक्त वाहिले, तर ते गोठत नाही हे सिद्ध होते आणि प्रतिविष देणे आवश्यक ठरते. या परीक्षेस ना वीज लागते ना यंत्र. लहानशा आरोग्य केंद्रातही ती करता येते. लक्षणे नसलेल्या रोग्यासही चोवीस तास देखरेखीखाली ठेवतात. महाराष्ट्रात महाड येथे विंचूदंशावरील संशोधनाने विख्यात झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी पश्चिम महाराष्ट्रातील सर्पदंशाचाही अभ्यास करून तो २००२ साली प्रसिद्ध केला. ग्रामीण डॉक्टर किती मोलाचे कार्य करू शकतो, याचे ते उदाहरण होय.

श्वास चालू ठेवणे

मण्यारीच्या दंशात एक गोष्ट प्रत्येकाने जाणून घेतली पाहिजे. तिचे विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करते. एकदा ही इजा झाली की प्रतिविषाने ती भरून निघत नाही. टोके पुन्हा वाढावी लागतात व त्यास काही दिवस लागतात. तेवढे दिवस रोग्याचा श्वास यंत्राने चालवावा लागतो. तो चालला तर बहुधा रोगी पूर्ववत होतो. नागाच्या विषावर निओस्टिग्मिन व अ‍ॅट्रोपिन यांचाही उपयोग होतो. मण्यारीच्या विषावर तो फारसा होत नाही.

अशा रोग्याचे सर्व स्नायू लुळे पडतात. तो डोळे उघडीत नाही, हाक मारल्यास उत्तर देत नाही, बाहुल्याही विस्फारलेल्या व निश्चल असू शकतात. पाहणाऱ्यास तो मृत वाटतो. परंतु हृदय चालू असते, आणि कित्येकदा त्यास सर्व ऐकूही येत असते. वाटेत श्वास थांबला तर तोंडावाटे कृत्रिम श्वास देत राहावे. जवळच्या आरोग्य केंद्रात हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी असते, ती लावून पुढील प्रवास करावा. प्रेतवत दिसणारा असा देह अंगणात ठेवून रडणे आणि तोच देह श्वास देत देत भिलाई किंवा रायपूरपर्यंत नेणे यांत एका माणसाच्या जीविताइतका फरक असतो.

दंश टाळणे

दंशच होऊ नये याचे उपाय सोपे व स्वस्त आहेत. पावसाळ्यात जमिनीवर न झोपता खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात. डासांसाठी घेतलेली मच्छरदाणी मण्यारीसही अडविते. रात्री विजेरीवाचून अंगणात जाऊ नये. शेतात पायांत बूट असावेत. पेंढा व जळण घराच्या भिंतीला लागून रचू नये. ते उचलण्यापूर्वी काठीने हलवावे. उंदरांची बिळे बुजवावीत आणि धान्य झाकून ठेवावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पविषबाधेचा समावेश उपेक्षित रोगांत केला. भारत सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृतियोजना जाहीर करून २०३० पर्यंत या मृत्यूंची संख्या निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी प्रतिविषाचा पुरवठा, प्रशिक्षित डॉक्टर व रुग्णवाहिका यांची तरतूद शासनाने करावयाची आहे. परंतु दंशाच्या ठिकाणी पहिल्या काही मिनिटांत हजर असतात ते रोग्याचे शेजारी. दोरी न शोधता त्यांनी वाहन शोधले, म्हणजे प्रथमोपचाराचा अर्ध्याहून अधिक भाग पार पडला असे समजावे.